नाना अजून संपावर आहेत

खेडमध्ये श्रमाच्या अर्थशास्त्राचे दोन जाणकार आहेत. एक मी. माझ्याकडे त्या विषयाची पदवी आहे, मुंबईच्या एका कॉलेजात मी तो विषय पंचवीस वर्षं शिकवतोय, आणि मे महिन्यात गावी आलो की कौलं परतायला माणूस मिळत नाही म्हणून हवालदिल होतो. दुसरे नाना. ते सातवी पास आहेत, पण कौलं परतायला माणूस कुठे, कधी आणि किती रुपयांत मिळेल हे त्यांना तोंडपाठ असतं. दोघांत श्रेष्ठ कोण, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलंय. नानांना सगळे ‘लेबर कमिशनर’ म्हणतात. मला ‘नानांच्या शेजारचा’ म्हणतात.

असा एखादा नाना आमच्या भागात वाडीगणिक असतोच. कुठे त्याला भाऊ म्हणतात, कुठे अण्णा. उमेदीची वर्षं मुंबईच्या गिरणीत घालवून परत आलेला. हात रिकामे, पण डोक्यात अख्खं पगारपत्रक. समोरचा माणूस काय करतो यापेक्षा त्याला त्याचे किती मिळतात, याची चिंता त्याला जास्त. आमचे नाना या जातकुळीतले अग्रगण्य.

त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे भरणे नाका. मुंबई-गोवा महामार्गावरून खेड शहराकडे वळायची ही जागा. सकाळी साडेसहाला इथे माणसं जमतात. कुणाला चिरेखाणीवर जायचं असतं, कुणाला बांधकामावर, कुणी लोट्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कंत्राटदाराच्या गाडीची वाट बघत असतो. घोळक्यात विजापूरकडचे कानडी असतात, झारखंडचे असतात, एखादा चुकार वाडीवालाही असतो. नाना घोळक्यात नसतात. ते चार पावलं बाजूला, पानटपरीच्या आडोशाला, छत्रीवर भार टाकून उभे असतात. टेम्पो थांबतो, मुकादम बोटं वर करतो, तेवढी माणसं मागे चढतात. शेवटचा माणूस चढता चढता नाना विचारतात, “किती बोलला?” तो आकडा सांगतो. लोक बायकोला सांगत नाहीत तो आकडा नानांना सांगतात.

हा आकडा मग वहीत जातो. लाल कापडी पाठीची लांबट वही, वाण्याच्या उधारीची असते तशी. अशा अकरा वह्या त्यांच्या माळ्यावर आहेत. प्रत्येक पानावर चार रकाने: काम, रोख, खाणं आणि बोलणं. पहिले तीन कुणालाही सुचतील. चौथा नानांचा. मालक मजुराशी काय शब्दांत बोलला, ते त्यात टिपलेलं असतं. एक नोंद मी मुद्दाम उतरवून घेतली आहे:

“चिरे वाहणे. रोख सहाशे. चहा दोनदा, बटर नाही. बोलणं: ए.”

आणि त्याच्याच खाली:

“नारळ पाडणे. रोख माडामागे. एक शहाळं. बोलणं: माडावर असेपर्यंत ‘अहो’. उतरल्यावर ‘अरे’.”

१९२१ साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ छापायला सुरुवात केली. गिरणी कामगाराच्या घरात तांदूळ, डाळ, घासलेट आणि भाडं यांवर किती जातात, हे सरकारला तेव्हापासून आकड्यांत कळू लागलं. पुढे महागाई भत्ता त्याच हिशेबाला बांधला गेला. मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “बोलण्याचा रकाना होता?” नव्हता. “मग ते अर्धं गॅझेट,” नाना म्हणाले आणि वही मिटली.

नानांचं शिक्षण लालबागला झालं. १९७२ साली, अठराव्या वर्षी, एसटीच्या लाल डब्यातून ते मुंबईत उतरले आणि गावाच्या खोलीत दाखल झाले. खोली दहा बाय बाराची, माणसं पंचवीस. मी विचारलं, “झोपायचात कसे?” नाना म्हणाले, “गिरणी तीन पाळ्यांत चालते तशी खोली पण तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्या वळकटीवर. वळकटी कधी गार झाली नाही.” यंत्रं रिकामी ठेवू नयेत हे तत्त्व मी वर्गात कारखान्याची उदाहरणं देऊन शिकवतो. नाना त्या तत्त्वावर झोपलेले आहेत.

चुलत्याच्या ओळखीनं परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात, नाना चिकटले ते बदली म्हणून. बदली म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. १९३०च्या दशकात गिरणीमालकांनी बदली कार्डाची पद्धत बसवली. कार्डवाल्यानं रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. सगळे आले, तर कार्ड खिशात घालून परत खोलीवर, आणि खोलीवर आपल्या वळकटीवर दुसरा. नाना नऊ वर्षं असे उभे राहिले. आजही नाक्यावर ते हनुवटी किंचित वर करून, आत बघितल्यासारखं करत उभे असतात. समोर गेट नसतं, महामार्ग असतो.

“बदलीला काम कधी मिळतं सांग,” नानांनी एकदा माझी परीक्षा घेतली. मी मागणी, पुरवठा असं काहीतरी म्हणालो. “गणपतीत,” नाना म्हणाले. “शिमग्यात. कोकणातला कायमवाला गावी गेला की साचे रिकामे.” म्हणून अख्खी मुंबई कशेडी घाटातून गावाकडे उतरत असताना नाना नऊ वर्षं गणपतीला मुंबईतच राहिले. इतरांची सुट्टी ही त्यांची सुगी. घरच्या गणपतीची आरती त्यांनी नऊ वर्षं ऐकली नाही. भोंगा मात्र चुकला नाही.

मी त्यांना हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली. १९७०च्या त्यांच्या लेखात असं आहे, की खेड्यातला माणूस शहराकडे जातो तो नोकरी मिळते म्हणून नव्हे, मिळेल या अपेक्षेनं. त्यामुळे शहरात नोकऱ्या वाढवल्या तर बेकारी कमी होण्याऐवजी वाढूही शकते. नानांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. “गिरणीत दहा जागा सुटल्या की खेडहून तीस जण सुटायचे,” ते म्हणाले. “दहा आत, वीस गेटवर. हे सांगायला दोन माणसं लागली?”

१९८१च्या डिसेंबरात नाना कायम झाले. खोलीत पेढे वाटले गेले, गावी मनिऑर्डरीच्या मागे चार ओळी जास्त लिहिल्या गेल्या, लग्नाची बोलणी सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बोनस होता, पगारवाढ होती, आणि १९४६च्या कायद्यानं एकाच युनियनला दिलेल्या मान्यतेचा राग होता. नाना त्या सगळ्यांत सर्वांत ताजे कायम कामगार. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, “मी कायम झालो आणि गिरणी बदली झाली.”

तो संप फुटला, विरला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. पण संप मागे घेतल्याची घोषणा कुणी केलीच नाही. हा मुद्दा इतिहासकारांना चटका लावणारा वाटतो. नानांना तो सोयीचा वाटला. १९८३ साली ते गावी परतले, लग्न झालं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात नानी म्हणाल्या, “चार लाकडं फोडून द्या.” नाना ओटीवरून उत्तरले, “मी संपावर आहे.”

तेव्हापासून चाळीस वर्षं आमच्या वाडीत हे वाक्य रोज दोन वेळा ऐकू येतं: सकाळी लाकडांच्या वेळी आणि संध्याकाळी विहिरीच्या पाण्याच्या वेळी. नानी भांडत नाहीत. त्या लाकडं फोडतात. फोडताना एवढंच म्हणतात, “मालक कोण ते तरी सांगा, मी जाऊन बोलणी करते.”

याचा अर्थ नाना आळशी आहेत असा काढू नये. ते चोवीस तास विषयात असतात. रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा हजेरीपत्रकावर कुणाचा अंगठा कुठे पडला हे मुकादमाआधी त्यांना माहीत असायचं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७७च्या कायद्यात उतरली, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाली. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पुढे १९९०मध्ये फळबागा या योजनेला जोडल्या गेल्या आणि आमच्या वरकस जमिनींवर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. नानांनी त्या वेळी तालुक्यातले खड्डे मोजले. खणले नाहीत, मोजले. संप होता.

रोजगार हमीवरून ते मला अजून टोमणा मारतात. “तुझ्या पगारातून महिन्याला दोनशे कापतात ना? फेब्रुवारीत तीनशे?” मी म्हणतो, “हो, व्यवसाय कर. वर्षाचे अडीच हजार.” “तो कर १९७५ला कशासाठी बसवला?” हमी योजनेच्या खर्चासाठी. हे मला ठाऊक असतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. “म्हणजे आमच्या बांधावरचं काजूचं झाड तुझ्या पगारातलं. पण काजू मागायला येऊ नको.”

पावसाळ्याच्या तोंडावर नानांचा भाव सर्वांत चढा असतो. ज्यांच्या थोड्या जमिनी उरल्यात ते सगळे एकच वाक्य घेऊन त्यांच्या ओटीवर येतात: “नाना, माणसं मिळत नाहीत हो.” नाना त्यांना बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, “वाक्य पुरं करा.” समोरचा गोंधळतो. “माणसं मिळत नाहीत, या पैशात. शेवटचे दोन शब्द सगळे गिळतात.” हीच गोष्ट सांगायला मला वर्गात तीन तास, दोन आलेख आणि एक चाचणी लागते.

एकदा मी त्यांना नोबेलची गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ साली किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरांवरून पाच डॉलर पाच सेंटांवर नेलं. मालक म्हणाले, आता पोरांना काढावं लागेल. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघांनी न्यू जर्सीतली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली ४१० फास्ट फूड हॉटेलं निवडून, वेतन वाढण्याआधी आणि नंतर किती माणसं कामावर होती, ते विचारलं. माणसं कमी झालेली दिसली नाहीत. अर्थशास्त्रात खळबळ उडाली. क्रूगर २०१९मध्ये गेले. कार्ड यांना २०२१मध्ये नोबेल मिळालं.

नाना सावरून बसले. “चारशे दहा हॉटेलं? कुठे उभे राहायचे ते?”

“उभे नाही. बरंचसं फोनवरून विचारलं.”

नानांच्या चेहऱ्यावर दोघांविषयी दया दिसली. “फोनवर रोख कळते. खाणंही कळेल एखाद वेळेस. बोलणं कसं कळणार?”

आर्थर लुईस यांच्याविषयी तर ते साफच नाराज झाले. लुईस यांनी १९५४ साली लिहिलं, की खेड्यात मजुरांचा जणू अमर्याद साठा असतो, आणि त्या जोरावर शहरातला उद्योग मजुरी न वाढवता वाढत राहतो. १९७९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. “अमर्याद?” नाना उठून अंगणात गेले आणि वाडीवरून हात फिरवला. पंधरा घरं, नऊ कुलुपं, उरलेल्या सहांत म्हातारे आणि एक कुत्रा. “त्यांना म्हणावं, लावणीला या. अमर्याद दाखवतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “आम्हीच होतो तो साठा. संपला.”

नानांसारख्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा पराभव मात्र त्यांच्याच शेतात, दर वर्षी, जुलैमध्ये होतो. आधी मृग बरसतो, तरवा वर येतो, आणि लावणीचे दिवस आले की नाना वही घेऊन बाजारभाव ठरवतात. चार वाड्यांतल्या बायकांना निरोप जातो: रोख इतके, चहा दोनदा, बोलणं ‘ताई’. एकही बाई येत नाही. सगळ्यांच्या लावण्या त्याच आठवड्यात. पैसे घेऊन करायचं काय, आपलं शेत पडून राहतं. नाना रोख वाढवतात. तरी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नानी पदर खोचून बाहेर पडतात, कुणाच्या तरी चिखलात उतरतात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. पाचव्या दिवशी सात बायका नानांच्या शेतात वाकलेल्या असतात. पैशाचं नाव नाही. कुणाची किती पाळी कुणाकडे फिरायची राहिली आहे, हे नानींच्या डोक्यात असतं. त्याला वही नाही, रकाने नाहीत, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यात एका दिवसाची चूक नाही.

“ही नोंद कुठे करता?” मी नानांना विचारलं. ते बांधावर छत्री धरून उभे होते.

“हा बाजार नाही,” ते तुटकपणे म्हणाले. “हे आमच्या हिचं खातं.”

त्यांच्या वह्यांमध्ये आणखी एक जागा रिकामी आहे. २२ जुलै २०२१ला जगबुडी नदीला पूर आला, खेडच्या बाजारपेठेत पाणी भरलं. पाणी ओसरल्यावर दुकानादुकानांत गाळ उरला, आणि गाळ काढायला माणूस लागतो, म्हणजे भाव चढायला हवा. एरवी अशा वेळी नाना दोन पेनं घेऊन गेले असते. त्या आठवड्यातली पानं कोरी आहेत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “कोण कुणाचा गाळ काढत होता तेच कळेना. दर विचारला तर शिवी खाल्ली असती.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “माझ्या पण हातात फावडं होतं.”

“म्हणजे संप?”

“ते मजुरीचं काम नव्हतं.”

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र जे घडलं ते असं. पानटपरीवाल्यानं मला सांगितलं ते जसंच्या तसं देतो. सकाळी नेहमीप्रमाणे टेम्पो थांबला. मुकादम नवा होता, नानांना ओळखत नव्हता. त्याला कलमांना खत घालायला पाच माणसं हवी होती, चारच आली. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. पानटपरीच्या आडोशाला हनुवटी वर करून एक म्हातारा उभा. मुकादम म्हणाला, “काका, येता का? एक माणूस कमी पडलाय.”

पानटपरीवाला म्हणतो, नाना दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी छत्री टपरीवर ठेवली आणि टेम्पोत चढले. चाळीस वर्षं प्रत्येकाला “किती बोलला?” विचारणारा माणूस स्वतःचा आकडा विचारायचा विसरला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. नाना ओटीवर पाय पसरून बसले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला. नानी तेल कोमट करत होत्या आणि मुद्दाम काही बोलत नव्हत्या. वही उघडी होती:

“कलमांना खत. रोख चारशे (इतरांना सहाशे). भाकरी, सुकट. बोलणं: काका.”

“दोनशे कमी दिले, नाना,” मी म्हणालो. “तुम्ही भांडला नाहीत?”

त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. “ते दोनशे इथे जमा आहेत.”

कामातलं सुख-दुःख मजुरीत कमी-जास्त धरलं जातं, हे ॲडम स्मिथनं १७७६ साली लिहून ठेवलंय. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याऐवजी वाडीला चाळीस वर्षं विचारायचं होतं ते विचारलं.

“म्हणजे नाना, अखेर संप मागे घेतला तर.”

“छे!” नाना केवढ्यानं तरी ओरडले. “संप कायमवाल्यांचा. त्यांचा एक माणूस आला नव्हता, त्याच्या जागी मी गेलो. ही बदली होती.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती नानींच्या आवाजानं. “जाताय तर चार लाकडं फोडून जा.” आतून ठरलेलं उत्तर आलं, “मी संपावर आहे.” मग खळ्यात चपला वाजल्या. मी खिडकीतून बघितलं. छत्री कालपासून टपरीवरच होती, त्यामुळे आज हात मोकळे होते. एका हातात भाकरीची पुरचुंडी दिसली, ती कुणी बांधून दिली असेल ते उघड होतं. नाना नाक्याच्या दिशेनं झपाझप चालले होते. भोंगा व्हायला अजून अर्धा तास होता.